आईचा गळा, लेकीचा मान

ट्रॉम्बे म्हटलं की बाहेरच्या माणसाला अणुसंशोधन केंद्र आठवतं. इथे राहणाऱ्यांना मात्र आधी आठवतात जेट्टी, होड्या, वाळत घातलेली मासळी आणि कोळीवाडा. कोळी-आगरी लग्नात धवलारिणीला केवढं महत्त्व! तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाहीत. ही गाणी ती पुस्तकातून शिकत नाही. आई, आजी, सासू गातात, शेजारी बसून हिने ऐकायची, की झाली पाठ. आता हळदीला डीजे लागतो आणि धवलारिणीचा आवाज त्यात बुडून जातो. मग तिची लेक म्हणते, ‘मी कशाला शिकू?’

लेकीचं तरी काय चुकलं? आईची कला लेकीकडे येते तेव्हा नुसता गळा येत नाही. त्यासोबत आईने काय काय सोसलं, तेही येतं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या मोठमोठ्या गायिकांच्या घरांतही हेच दिसतं.

मोगूबाई कुर्डीकरांचंच बघा. जन्म १९०४ चा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. मुलीने गाणं शिकावं म्हणून आईने जिवाचं रान केलं, पण मोगूबाई दहा वर्षांच्या असतानाच ती गेली. नाटक कंपन्यांतून कामं करत ही मुलगी सांगलीला आली आणि तिथे उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांनी तिला शिकवायला सुरुवात केली. पुढे तालीम अनेकदा तुटली, गुरू बदलावे लागले, पण जयपूर घराण्याची ती गायकी त्यांनी सोडली नाही. पती लवकर गेले. पदरात तीन मुलं. गाण्यावरच घर चालवायचं होतं.

थोरली लेक किशोरी आईच्या मागे तानपुऱ्यावर बसायची. आई शिकवायची तीही कडक शिस्तीत. स्थायी-अंतरा दोनदाच म्हणून दाखवणार, तिसऱ्यांदा नाही! पण लेक आणखीही काही शिकत होती. आईचा तिसऱ्या वर्गातला प्रवास, कुणाच्या तरी घरी केलेली राहण्याची सोय, हातावर टेकवलेलं तुटपुंजं मानधन, हे सगळं ती बघत होती. किशोरीताई पुढे मुलाखतींमधून हे सांगत. आपल्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. मैफलीत कुणी बोललं, उठबस केली, तर त्यांना खपत नसे. लोक म्हणायचे, बाई फार तापट! पण आपण कधी विचार केला का, की तो ताप कुठून आला होता? मोगूबाईंना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं, २००१ मध्ये त्या गेल्या. किशोरीताईंना २००२ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१७ मध्ये त्याही गेल्या. कुर्डी गाव तर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तेवढं वर येतं. गाव बुडालं, पण गाणं टिकलं.

आता तमाशाच्या फडाकडे वळू. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, जन्म १९३५. आजोबांपासून घरात फड. पोट दिसायला लागलं तरी त्या नाचत होत्या, कारण खेळ थांबला तर सगळ्या फडाची चूल थांबणार. एकदा खेळ चालू असतानाच कळा आल्या. आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभं राहायची तयारी केली! ही हकिगत तमाशाच्या जगात आजही सांगतात. त्यांना दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरीही २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा शेवटचे दिवस पैशांच्या ओढगस्तीतच काढले होते. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. बाई गेल्यावर!

पण विठाबाईंची लेक मंगला बनसोडे आईच्याच वाटेने गेली. लहानपणी आईच्या फडात नाचली आणि पुढे तिने स्वतःचा फड उभा केला. फडाच्या पाटीवर स्वतःचं नाव लावलं. आईच्या हालअपेष्टा डोळ्यांसमोर असताना त्याच धंद्यात मालकीण म्हणून उभं राहायला काय छाती लागत असेल!

वारसा लेकीकडेच जातो असंही नाही. सुलोचना चव्हाण यांनी अंगभर पदर घेऊन लावणी गायली आणि ती घराघरांत नेली. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं. त्यांचा मुलगा विजय चव्हाण ढोलकीवर नावाजला गेला. त्यांना पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. वय एकोणनव्वद.

मैत्रिणींनो, या तिन्ही घरांत कला टिकली, कारण पुढच्या पिढीने ती मान ताठ ठेवून चालवली. आपल्या धवलारिणीला राष्ट्रपती पुरस्कार मिळणार नाही. तिचं नाव कुठल्या कॅसेटवरही नसेल. पण पुढच्या हळदीला आपण एवढं तरी करू शकतो. डीजे सुरू व्हायच्या आधी तासभर तिच्यासाठी ठेवायचा. तिला कोपऱ्यात नाही, मांडवात मधोमध खुर्ची द्यायची. माईक द्यायचा. पाकीट देताना चारचौघांत, नाव घेऊन द्यायचं. आणि ती गात असताना कुणी तरी मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं, शब्द लिहून घ्यायचे, खाली तिचं नाव लिहायचं.

हे सगळं तिच्या लेकीच्या, नातीच्या देखत व्हायला हवं. गाणं शिकायला गळा लागतो, हे खरं. पण शिकावंसं वाटायला आधी आईचा मान डोळ्यांनी बघावा लागतो.