आरोग्याची आणेवारी : शेलार गाव व जगाची मापे

आणेवारी काढताना महसूल खाते गावातील काही शेतांत पीक कापून पाहते व त्यावरून साऱ्या गावाचे पीक ठरविते. ती पन्नास पैशांच्या वर निघाली की गाव टंचाईतून सुटले. मग ज्याचे शेत ओढ्याने धुऊन नेले तोही त्यातच मोजला जातो. त्या खात्यात आमची उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे सरासरीचा आकडा पुढे आला की त्याखाली कोणाचे शेत वाहून गेले आहे हे पाहण्याची खोड जडली आहे. आपल्या प्रांताची आरोग्यव्यवस्था जगाच्या मापाने मोजू लागलो असता तीच खोड पुन्हा उपयोगी पडली.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली अशी मर्यादा घातली की २०३० पर्यंत जगात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू सत्तरांहून कमी असावेत, व पाच वर्षांखालील बालमृत्यू प्रत्येक देशात दर हजारी पंचवीसच्या आत यावेत. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रातील मातामृत्यूंचा आकडा ३३ होता, साऱ्या हिंदुस्थानचा ९७. २०२० साली महाराष्ट्रातील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी १८ होते. म्हणजे या दोन्ही मापांनी आपला प्रांत मुदतीपूर्वीच उतरला आहे. ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिचे श्रेय घरोघर फिरणाऱ्या परिचारिका व आशा यांना दिल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल.

परंतु प्रांत उतरला म्हणून गावही उतरले असे होत नाही. परदेशाशी तुलना करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. १९४३ साली नेमलेल्या व १९४६ साली अहवाल देणाऱ्या भोर समितीने इंग्लंड व वेल्समध्ये हजार वस्तीमागे रुग्णालयात ७·१४ खाटा आहेत व हिंदुस्थानात अवघ्या ०·२४, असे दाखवून दिले होते. त्यानंतर ठरलेल्या सरकारी मापाप्रमाणे सपाटीवर पाच हजार वस्तीस एक उपकेंद्र व तीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. डोंगरी व आदिवासी भागांत तीन हजार व वीस हजार.

आता शेलार घ्या. भिवंडीला खेटलेले हे गाव. शेजारी माग खडखडतात, आणि तालुक्यात भाताच्या जमिनींवर गोदामे उभी राहिली आहेत. २०११ च्या जनगणनेने त्यास नगर म्हटले. असे नगर ठरण्यास किमान पाच हजार वस्ती लागते व काम करणाऱ्या पुरुषांपैकी शेकडा पंचाहत्तर शेतीबाहेरचे असावे लागतात. पण कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. म्हणजे जनगणनेच्या व्याख्येनेच ही वस्ती एका उपकेंद्राच्या मापास पोहोचलेली असते, आणि महानगरपालिकेचे दवाखाने हद्दीपलीकडे राहतात. मोजणीत शहर, तरतुदीत खेडे! मागावर रोजाने येणारा परप्रांतीय कामगार तर पुष्कळदा कोणत्याच यादीत नसतो. तो आजारी पडला म्हणजे भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयाच्या रांगेत सारे एकत्र भेटतात.

खर्चाचे माप त्याहून बोचरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१० सालचा निष्कर्ष असा की रोग्याच्या खिशातून थेट जाणारा पैसा एकूण आरोग्यखर्चाच्या शेकडा पंधरा ते वीस इतका खाली आला, तरच आजारपणाने घरे बुडणे थांबते. हिंदुस्थानात २०२१-२२ मध्ये तो शेकडा एकोणचाळीस होता. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो तेव्हा त्यापुढे सोसायटीचे नाव व रक्कम लिहिलेली असते. पैसा बियाण्यास गेला की बापाच्या शस्त्रक्रियेस, हे दप्तरास कळत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले आहेत, हे ज्यांस ठाऊक नसेल त्यांनी ध्यानात ठेवावे.

शेतकऱ्यास या साऱ्याहून जवळचे माप म्हणजे सर्पदंश. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली त्यास उपेक्षित रोगांत गणले व २०१९ साली २०३० पर्यंत त्याचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरविले. हिंदुस्थान सरकारनेही मार्च २०२४ मध्ये तोच संकल्प केला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे बारा लाख माणसे सापाने मेली असा अंदाज आहे, व त्यातील बहुतेक खेड्यांतील होती. यावरचे औषध परदेशातून आणावे लागते असे नाही. परळची हाफकिन संस्था ते फार पूर्वीपासून बनवीत आली. घोड्यास विषाच्या थोड्या थोड्या मात्रा टोचून त्याच्या रक्तातून निघणारी ही लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालते. विंचूदंशाच्या बाबतीत तर जगानेच कोकणाकडून धडा घेतला. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून शेकडा चाळिसांच्या आसपास असलेले मृत्यू शेकडा एकाच्या घरात आणले.

तेव्हा उणीव विद्येची नाही, वेळेची आहे. आवणीच्या दिवसांत बांधावर घोणस चावली असता पाय आवळून बांधू नये, चिरू नये. तो हलू न देता रोग्यास थेट दवाखान्यात न्यावे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची गाडी फुकट येते. दवाखान्यात थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलविता ठेवतात. ते गोठले नाही तर विष रक्तात भिनले असे समजावे. या परीक्षेस वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. लसीच्या प्रथम आठ ते दहा कुप्या लागतात, आणि लहान मुलासही तेवढ्याच, कारण सापाने मुलास विष कमी दिलेले नसते. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्यास चावते व पुष्कळदा दंश जाणवतही नाही. पहाटे पोट दुखून डोळ्यांच्या पापण्या मिटू लागल्या तर उशीर करू नये. खाट व मच्छरदाणी हा त्यावरचा स्वस्त उपाय होय.

मृग लागण्यापूर्वीच्या ग्रामसभेत आपल्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस तीन गोष्टी विचाराव्यात : लसीच्या कुप्या किती शिल्लक आहेत, त्यांची मुदत कोणत्या महिन्यात संपते, आणि रात्री दोन वाजता ती टोचण्यास केंद्रात कोण असते. उत्तरे ग्रामसेवकाकडून इतिवृत्तात लिहवून घ्यावीत.