चित्रामागचा पांढरा चौकोन कसा काढावा?

व्यापारी व कारागीर बंधूंनो, शहाद्याला लागून असलेल्या आमच्या लोणखेड्यासारख्या गावातूनही आता वेबसाइटवर माल विकता येतो. असे गिऱ्हाईक दुकानात येत नाही, मालाला हात लावीत नाही. ते फक्त चित्र पाहते. म्हणून चित्राची तांत्रिक बाजू दुकानदारालाही थोडीफार कळलीच पाहिजे, असे आमचे मत आहे.

आम्ही हे नुकसान सोसून शिकलो. सुरतेहून आणलेल्या जाळीच्या ओढणीचा फोटो आम्ही पांढऱ्या चादरीवर काढला, कडेची चादर पुसली आणि चित्र हिरव्या पानावर टाकले. परंतु जाळीच्या छिद्रांतून दिसणारी चादर तशीच राहिली. ओढणी जाळीची न दिसता दाट कापडाची दिसू लागली. गिऱ्हाइकाने दाट समजून मागवली आणि परत पाठवली. जाण्यायेण्याचा खर्च आमच्या अंगावर पडला. शिवाय "चित्रात एक, पार्सलात दुसरे" हे बोल ऐकावे लागले ते वेगळेच.

असे का होते? संगणकातील चित्र नेहमी चौकोनी असते आणि ते बारीक ठिपक्यांचे बनते. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा व निळा या रंगांची तीन मापे ० ते २५५ या अंकांत लिहिलेली असतात. मागची बाजू पारदर्शक करायची तर चौथे माप लागते. त्याला 'अल्फा' म्हणतात. अल्फा ० असेल तर ठिपका दिसतच नाही, २५५ असेल तर तो पूर्ण भरीव. मधले अंक मलमलीसारखे समजावेत: खालचा रंग कमीअधिक दिसतो.

फोटो बहुधा जेपेग प्रकारात साठवला जातो. त्यात या चौथ्या मापाला जागाच नाही. जीआयएफ हा प्रकार कॉम्प्युसर्व्ह कंपनीने १९८७ साली आणला व १९८९ च्या सुधारणेत त्यात पारदर्शकता आली. पण त्यात रंग जास्तीत जास्त २५६, आणि ठिपका एक तर दिसणार किंवा नाही. मधले काही नाही. त्यामुळे गोलाईच्या कडा बोथट कात्रीने कापल्यासारख्या दातेरी दिसतात.

पुढे जीआयएफमधील एका पद्धतीचे पेटंट असलेल्या युनिसिस कंपनीने १९९४ च्या अखेरीस सॉफ्टवेअर बनविणाऱ्यांकडे परवाना शुल्काची मागणी केली. तेव्हा काही जाणकारांनी एकत्र येऊन सर्वांना मोफत वापरता येईल असा पीएनजी हा प्रकार तयार केला. १९९६ साली त्याला वेबवरील मान्यता मिळाली. त्यात पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या असू शकतात; म्हणून जाळी, झालर आणि सावली त्यात नीट उतरते. गूगलने २०१० साली आणलेल्या वेबपी प्रकारातही ही सोय आहे आणि त्याची फाइल बहुधा लहान होते.

आता कृती पाहू. 'गिम्प' हे सॉफ्टवेअर मोफत मिळते.

१. फोटो काढताना मालात नसलेल्या रंगाचे साधे कापड मागे लावावे. पांढऱ्या कुर्त्यामागे पांढरी चादर कधीही नको. सुरकुत्या व सावल्या टाळाव्यात.

२. गिम्पमध्ये लेयरच्या यादीतून 'ॲड अल्फा चॅनल' निवडावे.

३. मागचा भाग निवडून, कड किंचित मऊ करून तो पुसावा. तेथे राखाडी चौकटी दिसू लागल्या म्हणजे जागा पारदर्शक झाली.

४. जाळीसाठी 'कलर टू अल्फा' ही सोय आहे. ती निवडलेला रंग प्रत्येक ठिपक्यातून गाळून काढते. यात मालाची छटा बदलू शकते, म्हणून खरे कापड शेजारी ठेवून पडताळावे.

५. पीएनजी म्हणून साठवावे व चित्र काळ्या आणि गडद हिरव्या रंगावर ठेवून पाहावे. कडेला पांढरी रेघ दिसली तर काम अपुरे आहे.

मोबाइलवर एका बोटाने पार्श्वभूमी काढणारी साधने आहेत. साध्या कुर्त्याला ती चालतात. पण ती कडेचा अंदाज बांधतात. दशा, गोंडे, जरीची बारीक तार त्यात जाऊ शकते. दुकानाचे नाव उर्दूत असेल तर विशेष जपावे. 'जमाल' या नावातील जीमचा नुक्ता पुसला गेला तर वाचणारा 'हमाल' वाचील!

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जेपेग फाइलचे नुसते नाव बदलून ती पीएनजी होत नाही. कित्येक चित्रांत राखाडी चौकटी रंगवलेल्याच असतात. त्यांना फसू नये. व्हॉट्सॲपवर चित्र फोटो म्हणून पाठवले तर पारदर्शकता जाते. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. ॲमेझॉनसारख्या बाजारात मुख्य चित्राची मागची बाजू शुद्ध पांढरी लागते, म्हणून तशी प्रत वेगळी करावी. मूळ फोटो मात्र कधीही पुसू नये.

पार्श्वभूमी काढणे म्हणजे मालाचा ऐब झाकणे नव्हे. कापड विरळ असेल तर ते चित्रातही विरळच दिसले पाहिजे. आम्ही त्या ओढणीचा फोटो निळ्या कापडावर पुन्हा काढला आणि जाळी जाळीसारखी दाखवली. आता मागवणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे आधीच ठाऊक असते.