बाटली कशाने बाटली?

ऑडिओत मधेच शिट्टी ऐकू येते ती गाडीची. पूर्णा जंक्शनला राहून रेकॉर्डिंग करायचं म्हटल्यावर हे चालायचंच.

तर झालं असं. माझा एक मित्र कंपनीच्या कामानं इस्रायलला जाऊन आला. येताना एक रेड वाईन घेऊन आला, काबर्ने सोव्हिन्यों, लेबलवर कोशरचा शिक्का. गच्चीवर बसलो, मी बूच काढलं, दोन ग्लास भरले. तो हसत म्हणाला, "आता ही कोशर राहिली नाही. तू हात लावलास ना!"

मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. 'हात लागला की बाटतं' हे वाक्य मराठवाड्यात कोणी गमतीनं ऐकत नाही. म्हणून ठरवलं, हे प्रकरण नीट समजून घ्यायचं.

आधी वाईन. 'फुल-बॉडीड' म्हणजे तोंडात भरीव, जड लागणारी. पाणी आणि साय काढलेलं दूध यांत जो फरक, तसा काहीसा. या जडपणात सालाचाही वाटा असतो. आपली थॉम्पसन द्राक्षं खायला छान. हिरवी, पातळ सालीची, बिनबियांची. काबर्नेचा मणी बारका, काळा, जाड सालीचा, आत बिया. लाल वाईनसाठी रस गाळून घेत नाहीत, साल-बियांसकट आंबवतात. साली वर तरंगून थर धरतात, तो दिवसातून काही वेळा खाली दाबायचा नाहीतर खालचा रस पंपानं वर सोडायचा. असं दोन-तीन आठवडे चालतं. त्यातून रंग उतरतो आणि टॅनिन, म्हणजे कोऱ्या चहासारखा तुरटपणा. मग साधारण २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात वर्ष-दीड वर्ष मुरवतात. अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास जातं.

इथपर्यंत नाशिकची वायनरी असो की गोलानची, काम तेच. हंगाम मात्र उलटा. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, आणि वाईनची द्राक्षं थंडी-उन्हाळ्याच्या सांध्यावर निघतात. तिकडे वेल थंडीत झोपतो आणि तोडणी ऑगस्टपासून पुढे.

कोशर कुठे येतं? पुष्कळांना वाटतं, कोणीतरी येऊन मंत्र म्हणतो. तसं काही नाही. लावल्यापासून पहिली तीन वर्षं वेलाचं फळ वापरायचं नाही. इस्रायलच्या जमिनीला दर सातव्या वर्षी विश्रांती. २०२१-२२ हे असं वर्ष होतं. वाईन नितळ करायला जिलेटिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ काही ठिकाणी वापरतात, तो इथे टाळतात. बेंटोनाइटची माती चालते. आणि सगळ्यात कडक नियम हा की द्राक्ष चिरडल्यापासून बाटली सीलबंद होईपर्यंत वाईनला हात फक्त शब्बाथ पाळणाऱ्या ज्यूंचा. मुख्य वाईनमेकर स्वतः शब्बाथ पाळत नसेल, तर त्याला आपल्याच टाकीचा नळ उघडता येत नाही! तो सांगणार, दुसरा करणार.

म्हणजे नियम नुसता जन्मावर नाही. मूळ कारण जुनं आहे: मूर्तीपुढे वाईन ओतायची प्रथा होती, तिच्याशी संबंध नको. उकळलेली वाईन तसल्या पूजेत चालत नसे, म्हणून वाईन तापवली तर पुढे कोणीही वाढली तरी कोशरच राहते. हिला 'मेवुशाल' म्हणतात. हल्ली काही सेकंदच कडक तापवून लगेच थंड करतात. तरी जड, मुरवायच्या रेड वाईन बनवणारे बहुतेक जण हे टाळतात. उष्णतेनं वास बिघडेल ही भीती. आमची बाटली त्यातलीच.

मला नियम पटला का? पूर्ण नाही. पण याला चवदार तळ्याच्या रांगेत बसवणंही बरोबर वाटत नाही. महाडला १९२७ साली पाणी नाकारलं जात होतं, माणसाला माणूस मानलं जात नव्हतं. इथे एका पेयाचा विधीपुरता नियम आहे. फरक मोठा आहे. तरी ग्लास हातात असताना जे वाटलं, ते वाटलंच.

आणि गंमत बघा, त्याच महाडच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, मराठी बोलणारे ज्यू शतकानुशतकं राहिले. बेने इस्रायल. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावं. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव दिलं 'शनिवार तेली'. शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशची प्रार्थना वाईनवर म्हणायची असते. कोकणात कोशर वाईन कुठून आणणार? त्यांनी काळ्या मनुकांचं सरबत केलं. मनुका धुवायच्या, भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या. मनुकांच्या रसाला धर्मशास्त्राची मुभा आहेच. १९४८ नंतर त्यातले बरेच जण इस्रायलला गेले, सरबतही त्यांच्याबरोबर गेलं.

मी तासगावच्या पाव किलो मनुका आणून करून पाहिलं. फार उकळलं तर काकवीसारखं होतं, एवढं सांगून ठेवतो. दुसऱ्या खेपेला जमलं. मित्राला बोलावून पाजलं, त्यानं दुसरा पेला मागितला. ती काबर्ने अजून अर्धी शिल्लक आहे, पण आठवडा झाला उघडून, आता आंबट झाली असणार.