काळजी करणे आणि काळजी घेणे

श्रोतेहो, मृग कोरडा गेला की चकलांब्याच्या पारावर काय बोलणी निघतात, हे तुम्हांला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. बियाणे आणले ते उसनवारीवर. पेरावे तर पावसाचा भरवसा नाही, न पेरावे तर हंगाम जातो. पुढे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघणार. मग घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांचे कसे आणि पोरांच्या शाळेचे कसे? ही काळजी गुरुजींनाही चुकत नाही, कारण त्यांच्या वर्गातली मुलेच टोळीबरोबर निघून जातात.

अशा माणसाला 'देव आहे, काळजी करू नकोस' असे म्हणणे फार सोपे. पण या म्हणण्याचा अर्थ काय? ख्रिस्ती धर्माने याचे काय उत्तर दिले, ते आज पाहू.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशूने याविषयी उपदेश केला आहे. ऐकणारे लोक कोळी, शेतकरी, मजूर. डोक्यावर परक्या राज्याचा कर. त्यांना तो आकाशातली पाखरे आणि रानातली फुले दाखवतो, आणि उद्याचा भार आजच उचलू नका, असे सांगतो. म्हणजे हातावर हात ठेवून बसावे काय? मुळीच नाही. पाखरू उजाडताच घरट्याबाहेर पडते आणि दाणा शोधते. फक्त उद्याच्या भीतीने ते आज थिजून जात नाही, इतकेच.

आपल्या मराठीने हा भेद किती छान टिपला आहे बघा! काळजी 'करणे' वेगळे आणि काळजी 'घेणे' वेगळे. काळजी करणारा रात्रभर कूस बदलतो. काळजी घेणारा सकाळी उठून बांध नीट करतो. श्रद्धेचे काम पहिलीतून सोडवून दुसरीकडे नेण्याचे.

याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. तीर्थयात्रेत भटकताना, दुष्काळाच्या दिवसांत, आई, वडील आणि थोरली बहीण त्यांनी गमावली. पुढे 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले. कडेवर लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. 1889 मध्ये विधवा आणि निराधार स्त्रियांसाठी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले.

1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. भूक काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते! पुण्याजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतली होती. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते, त्याची मुदत 1898 मध्ये संपली. आणि 1900 च्या दुष्काळात आश्रमात जवळजवळ दोन हजार जीव झाले. दोन हजार तोंडे, आणि बांधील उत्पन्न नाही!

बाईंनी काय केले? प्रार्थना केली, आणि कामही केले. शेती होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. मुली शिकून हाताला काम मिळवीत होत्या. देवावर भरवसा ठेवला म्हणून विहीर खणायची राहिली, असे तिथे झाले नाही.

श्रद्धावंताला दुःख होत नाही, असेही नव्हे. हाताशी आलेली, आश्रमाचा भार उचलणारी मनोरमा 1921 मध्ये वारली. त्या वेळी रमाबाई बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी तडीस नेले आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला. श्रद्धेने शोक टळला नाही. शोकातही हातातले काम सुटले नाही.

मग आपण काय करावे? ख्रिस्ती परंपरा तीन साध्या गोष्टी सांगते. पहिली, मनातली भीती नाव घेऊन देवापुढे मांडावी: कर्ज असेल तर कर्ज, मुलीचे लग्न असेल तर लग्न. मोघम भीती मोठी वाटते. नाव घेतले की तिचा आकार कळतो. दुसरी, आज हाती आहे तेवढे आज करावे. तिसरी, भार एकट्याने वाहू नये. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांत एकमेकांची ओझी वाहणे हा धर्मच मानला जाई. आपल्याकडची सावडही तेच शिकवते, नाही का?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. झोप उडाली, अन्न जाईना, जीव नकोसा वाटू लागला, तर तो श्रद्धेचा उणेपणा समजू नये. तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. ताप आला तर आपण दवाखान्यात जातोच की! सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. शिक्षकबंधूंनी हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

आणि शेजारचा कोणी चार दिवस पारावर दिसला नाही, तर त्याच्या घरी जाऊन यावे. त्याने देवाकडे मागितलेली मदत कदाचित आपल्याच पायांनी त्याच्या दारी पोचायची असेल.