उंदराच्या जिभेवरचं लायपेज

वरणावर तूप तरंगतं, तसंच ते पोटातही पाण्यापासून फटकून राहतं. त्याचे रेणू तोडायला लायपेज हे विकर लागतं. माणसात बहुतेक काम स्वादुपिंडाचं लायपेज करतं. थोडी सुरुवात जठरात होते. उंदराचा मात्र श्रीगणेशा जिभेवरच! जिभेच्या मागच्या भागात गोल चर असतो, त्याच्या तळाशी फॉन एब्नर ग्रंथी. त्यांतलं लायपेज घासाबरोबर जठरात उतरतं आणि तिथल्या आम्लातही काम करत राहतं. मार्गिट हॅमॉश आणि रॉबर्ट स्को यांनी १९७३ मध्ये उंदरांवरच हे दाखवलं. सशात हेच काम जठराचं.

गंमत पुढेच आहे. चरबी पचायला पित्तही लागतं. प्रयोगशाळेतल्या थोराड उंदराला, म्हणजे रॅटला, पित्ताशयच नसतं. चिमुकल्या माउसला असतं. साठवायला पिशवी नसल्यामुळे रॅटच्या आतड्यात पित्त सतत ठिबकतं, जेवणाची वाट न बघता.

उंदराचं चरबी पचवणं आपल्याहून असं वेगळं, मग लठ्ठपणावरचं औषध उंदरावर चाललं, एवढं ऐकून हुरळायचं कशाला? ऑर्लिस्टॅट हे असंच एक औषध जठरातलं आणि स्वादुपिंडाचं लायपेज अडवतं; माणसात जेवणातली साधारण ३० टक्के चरबी न पचता बाहेर पडते. तेलकट शौचाची तक्रार त्यातूनच येते. पिंजऱ्यातला उंदीर तक्रार करत नाही. त्याची विष्ठा गोळा करून चरबी मोजावी लागते.