युरोपात पंपावर पैसे भरताना

पाम बीच रोडवर ‘दोन हजारांचं टाका’ म्हणायचं आणि क्यूआर स्कॅन करायचा, ही सवय नेरूळ-वाशीतच ठेवून निघा. युरोपात बहुतेक ठिकाणी नोझल आपणच उचलायचं असतं. इटलीत ‘सेर्वितो’ लिहिलेल्या पंपावर माणूस भरून देतो, पण लिटरमागे जास्त पैसे पडतात. ‘सेल्फ’चा पंप स्वस्त.

रात्री केबिन बंद असते. मशीन आधी कार्ड आणि पिन मागतं आणि भरण्याआधीच अनेकदा शंभरेक युरो अडकवून ठेवतं. तुम्ही ४० युरोंचंच भरलंत, तरी उरलेली रक्कम सुटायला कधी काही दिवस जातात. फॉरेक्स कार्डात मोजकेच पैसे असतील तर पुढच्या पंपावर कार्ड चालत नाही. दुसरं कार्ड जवळ हवंच!

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच असतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून सुरू करा. मशीनने ‘युरो की रुपये’ विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा दर बहुधा महाग पडतो. नोझलवर गोलात ‘ई’ म्हणजे पेट्रोल, चौकोनात ‘बी’ म्हणजे डिझेल.