व्यतिरेकी वाक्यांतील क्रियाविशेषणाची व्याप्ती : इंग्रजी व मराठी

दोन पदबंध परस्परांच्या विरोधात मांडावयाचे असल्यास इंग्रजी भाषा 'नॉट' आणि 'बट' या जोडीचा उपयोग करते. पहिला पदबंध नाकारावयाचा व त्याच्या जागी दुसरा स्थापावयाचा, असे या रचनेचे स्वरूप शालेय व्याकरणांत सांगितलेले असते. साध्या वाक्यांना हे वर्णन पुरेसे आहे. परंतु याच रचनेत 'ओन्ली', 'मेनली', 'मीअरली' यांसारखे क्रियाविशेषण आले, म्हणजे ते नेमके कोणत्या पदबंधाला विशेषित करते आणि नकार कशाचा होतो, हे दोन प्रश्न एकदम उपस्थित होतात. त्यांची उत्तरे शब्दांच्या क्रमावर अवलंबून असतात. आणि इंग्रजीचा क्रम मराठीत जसाच्या तसा उतरत नसल्यामुळे भाषांतरात अर्थाची हानी होण्याचा संभव मोठा असतो.

या हानीचे गांभीर्य एका प्रत्यक्ष प्रसंगावरून ध्यानात यावे. २०१७ सालच्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी करताना अनेक शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यांपैकी काही जण मृत्युमुखी पडले. राज्य शासनाने या प्रकरणी विशेष तपास पथक नेमले. त्यानंतर झालेल्या चर्चेत औषधाची तीव्रता, निरनिराळी औषधे एकत्र करण्याची पद्धत, संरक्षक साधनांचा अभाव, कपाशीची वाढलेली उंची अशी अनेक कारणे पुढे आली. कारणे अनेक असली, की त्यांच्यातील प्रमुख कोणते व गौण कोणते हे सांगणे भाग पडते; आणि ते सांगण्याचे काम नेमके या क्रियाविशेषणांकडे येते. उत्तरदायित्व कोणाचे, हे अशा वेळी एका शब्दाच्या स्थानावरून ठरू शकते.

पुढील तीन वाक्ये केवळ विवेचनासाठी रचलेली आहेत. त्यांत कोणत्याही अहवालाचा निष्कर्ष अभिप्रेत नाही.

(१) द डेथ्स वेअर ड्यू नॉट मेनली टु द केमिकल बट टु द मेथड.
(२) द डेथ्स वेअर ड्यू नॉट टु द केमिकल बट मेनली टु द मेथड.
(३) द डेथ्स वेअर ड्यू मेनली नॉट टु द केमिकल बट टु द मेथड.

पहिल्या वाक्यात 'मेनली' हे नकाराच्या कक्षेत आहे. म्हणून येथे औषधाचे कारणत्व नाकारलेले नसून त्याचे प्रमुखत्व नाकारलेले आहे. औषधाचा काही भाग मृत्यूंत आहे, असे मानावयास हे वाक्य पूर्ण वाव ठेवते. दुसऱ्या वाक्यात क्रियाविशेषण 'बट'नंतर आल्यामुळे ते फक्त पद्धतीला विशेषित करते. औषधाचे कारणत्व येथे सर्वस्वी नाकारले गेले आहे. पद्धतीखेरीज आणखी काही कारणे असू शकतील, पण त्यांत औषध नाही. तिसऱ्या वाक्यात क्रियाविशेषण नकाराच्या बाहेर राहून संपूर्ण व्यतिरेकावर आपली व्याप्ती पसरते : बहुतेक मृत्यूंच्या बाबतीत कारण औषध हे नसून पद्धत हे होते, उरलेल्यांच्या बाबतीत तसे नसेल. शब्द तेच, घटना तीच. परंतु पहिल्या वाक्यात औषधावरील दोष अंशतः कायम राहतो, दुसऱ्यात तो नाहीसा होतो आणि तिसऱ्यात तो काही मृत्यूंपुरता शिल्लक राहतो.

आता ही वाक्ये मराठीत आणावयाची झाल्यास काय घडते ते पाहावे. मराठीत 'नव्हे' हे नकारदर्शक पद आपल्या पदबंधाच्या मागून येते, तर 'मुख्यतः' हे क्रियाविशेषण त्याच्या आरंभी येते. परिणामी 'नॉट मेनली' आणि 'मेनली नॉट' या दोन भिन्न क्रमांना मराठीत सहज उमटणारा क्रम एकच राहतो : 'मृत्यू मुख्यतः औषधामुळे नव्हे, तर पद्धतीमुळे झाले.' पहिल्या वाक्याचे भाषांतर हेच, तिसऱ्याचेही हेच. वाचकाने 'मुख्यतः औषधामुळे' हा एक गट मानला तर प्रमुखत्वाचा नकार होतो. 'औषधामुळे नव्हे, तर पद्धतीमुळे' हा एक गट मानला तर बहुसंख्य मृत्यूंविषयीचे विधान होते. बोलताना स्वराघाताने व विरामाने हा भेद दाखविता येतो. छापील पानावर ती सोय नसते.

यावरून मराठी ही या बाबतीत दुबळी भाषा आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. जो भेद इंग्रजी क्रमाने दाखविते, तो मराठी रचना बदलून दाखविते. पहिल्या वाक्यासाठी 'औषध हे मृत्यूंचे मुख्य कारण नव्हे. मुख्य कारण पद्धत हे होय' असे म्हणता येते. दुसऱ्यासाठी 'मृत्यू औषधामुळे झालेच नाहीत. ते मुख्यतः पद्धतीमुळे झाले' ही रचना निःसंदिग्ध आहे. तिसऱ्यासाठी 'बहुतेक मृत्यू औषधामुळे नव्हे, तर पद्धतीमुळे झाले' असे लिहिणे योग्य होय. क्रियाविशेषणाच्या जागी विशेषण योजणे आणि एका वाक्याची दोन वाक्ये करणे, हे यांतील दोन मुख्य उपाय आहेत.

शिवाय मराठीपाशी 'च' हे एक असे साधन आहे, की ज्याच्या तोडीचे एकाक्षरी साधन इंग्रजीत नाही. हे अव्यय ज्या पदाला विशेषित करते त्याच पदाला, तेही विभक्तिप्रत्यय वा शब्दयोगी अव्यय लागल्यानंतर, येऊन चिकटते. त्यामुळे त्याचे स्थान हीच त्याची व्याप्ती सांगणारी खूण असते. 'औषधामुळेच नव्हे' आणि 'औषधामुळे नव्हेच' ही दोन रूपे ताडून पाहावीत. पहिल्यात औषधाच्या एकमेवपणाचा नकार आहे, कारणत्वाचा नाही. म्हणून त्यापुढे 'तर पद्धतीमुळेही' असा पूरक अंश अपेक्षित असतो. दुसऱ्यात 'च' नकाराला बळकटी देतो आणि औषधाचे कारणत्व पूर्णपणे पुसले जाते. इंग्रजीत पहिल्यासाठी 'नॉट ओन्ली' व दुसऱ्यासाठी 'सर्टनली नॉट' अशी निरनिराळी क्रियाविशेषणे योजावी लागतात. मराठीत एकच अक्षर एक पद पुढे सरकले, की काम होते.

'नॉट ओन्ली – बट ऑल्सो' या जोडीविषयी येथेच एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. ही रचना दिसावयास व्यतिरेकी असली तरी तिचा अर्थ समुच्चयाचा आहे. तिच्यात दोन्ही पदबंध स्वीकारलेले असतात. मराठीत हा समुच्चय दुसऱ्या पदबंधाला लागणाऱ्या 'ही'ने व्यक्त होतो. 'केवळ औषधामुळे नव्हे, तर पद्धतीमुळे' असे लिहून 'ही' गाळला, तर समुच्चय आणि व्यतिरेक यांची सीमारेषा पुसट होते. वृत्तपत्रीय व कार्यालयीन मराठीत हा 'ही' पुष्कळदा गळतो. तो अलंकार नव्हे. वाक्याच्या अर्थाचा तो आवश्यक घटक आहे.

अवधारणदर्शक अव्ययाचे स्थान आणि अर्थ यांचा संबंध भारतीय विचारवंतांना अपरिचित नव्हता. सातव्या शतकातील बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती याने संस्कृतातील 'एव' या अव्ययाची तीन कार्ये सांगितली आहेत. 'पार्थच धनुर्धर' यात ते विशेष्याला जोडलेले असल्याने इतरांची व्यावृत्ती होते; यास अन्ययोगव्यवच्छेद म्हणतात. 'चैत्र धनुर्धरच' यात ते विशेषणाला जोडलेले असून, चैत्र धनुर्धर आहे की नाही हा संशय दूर करते, हा अयोगव्यवच्छेद. 'कमळ निळे असतेच' यात ते क्रियापदाला जोडलेले असून, कमळ कधीच निळे नसते हा समज तेवढा खोडून काढते, हा अत्यंतायोगव्यवच्छेद. मराठीतील 'च' ही व्यवस्था बव्हंशी पाळतो. 'औषधामुळेच मृत्यू झाले' असे म्हणणारा इतर कारणे वगळतो. 'औषधामुळे मृत्यू झालेच' असे म्हणणारा इतर कारणांना जागा ठेवतो.

इंग्रजीत 'ओन्ली' हे क्रियाविशेषण प्रायः क्रियापदापूर्वी बसते आणि दूरच्या पदालाही विशेषित करू शकते. ते नेहमी विशेषित पदाच्या निकटच असावे, असा आग्रह काही व्याकरणकारांनी धरला. फाउलर याने १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध इंग्रजी प्रयोगकोशात या आग्रहाच्या अतिरेकाला विरोध करून, जेथे गैरसमजाला अवसर नाही तेथे रूढ स्थान मोकळे ठेवावे, अशी भूमिका घेतली. पुढे जॅकेन्डॉफ याने १९७२ साली आणि मॅट्स रूथ याने १९८५ सालच्या आपल्या प्रबंधात, अशा शब्दांचा अर्थ वाक्यातील आघातयुक्त पदाशी कसा निगडित असतो, याचे विवेचन केले. रूथच्या मांडणीचे सार असे, की आघातयुक्त पद आपल्याबरोबर पर्यायांचा एक संच सूचित करते आणि 'ओन्ली' त्या संचातील इतर पर्याय बाद करते. जे काम इंग्रजीत आघात करतो, त्याचा मोठा वाटा मराठीत 'च'च्या स्थानाकडे आहे. मात्र 'च' सर्वत्र एकार्थी नाही. 'तो कालच आला' यात वगळण्याचा अर्थ नसून अलीकडेपणाचा आहे. तेव्हा त्याचे भाषांतर करतानाही संदर्भ पाहावाच लागतो.

या सर्व विवेचनाला यवतमाळसारख्या जिल्ह्यात व्यावहारिक महत्त्व आहे. येथील कनिष्ठ न्यायालयात साक्षीदार मराठीत बोलतो. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, की त्याच्या शब्दांना इंग्रजी रूप द्यावे लागते. जिल्ह्यातील कोलाम समाजाची कोलामी ही तर द्राविड कुलातील भाषा असून, तिचे सविस्तर वर्णन एमेनो याने १९५५ साली प्रसिद्ध केले. कोलामी भाषकाचे कथन प्रथम मराठीत व नंतर इंग्रजीत गेल्यास क्रियाविशेषणाची व्याप्ती दोनदा नव्याने ठरविली जाते. 'मी त्यांच्या सांगण्यावरूनच फवारले नाही' या वाक्यात फवारणी झाली की नाही, हेच संदिग्ध आहे : दुसऱ्याच्या सांगण्यामुळे फवारणी टाळली, असा एक अर्थ, फवारणी केली, पण ती केवळ सांगण्यावरून नव्हे, असा दुसरा. भाषांतरकाराने विचारून खात्री केली नाही, तर तो नकळत साक्षच बदलतो.

म्हणून अशा वाक्याचे भाषांतर करणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी तीन गोष्टी निश्चित कराव्यात. नकार कोणत्या पदबंधापर्यंत पोहोचतो? क्रियाविशेषण त्या नकाराच्या आत आहे की बाहेर? आणि नाकारलेल्या पदबंधाचा काही अंश शिल्लक राहतो काय? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यानंतर मूळ शब्दक्रमाचा मोह सोडून, मराठीची स्वतःची साधने, म्हणजे 'च', 'ही', विशेषणात्मक रचना आणि वाक्याचे विभाजन, निःसंकोचपणे वापरावीत. इंग्रजी शिकविणाऱ्या अध्यापकांनीही या वाक्यांचा परिचय केवळ अर्थ सांगून न देता, क्रियाविशेषणाचे स्थान बदलून अर्थ कसा पालटतो ते विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे. दोन भाषांच्या या भेदाची जाणीव वर्गात एकदा पक्की झाली, म्हणजे कचेरीत व न्यायालयात तिचा उपयोग आपोआप होईल.